सहा कळा आणि देवनागरी अक्षर

संगणकाच्या कळफलकाचा विचार बहुधा डोळ्यांच्या अंगाने होतो. कळेवर छापलेले अक्षर दिसते आणि पडद्यावर उमटलेले अक्षरही दिसते, ही दोन टोके गृहीत धरूनच यंत्राची रचना केली जाते. ज्याचे लेखन व वाचन बोटांनीच चालते त्याच्या बाबतीत ही दोन्ही टोके नाहीशी होतात. आणि मग लिपीचा घटक कोणता मानावयाचा, हा प्रश्न यंत्र घडविणाऱ्यास टाळता येत नाही. सहा कळांचा ब्रेल कळफलक या दृष्टीने भाषाभ्यासकांनीही पाहण्यासारखा आहे.

लुई ब्रेल याने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रत्येक चिन्हास सहा ठिपक्यांची चौकट असते. डाव्या स्तंभात वरून खाली १, २, ३ आणि उजव्या स्तंभात ४, ५, ६. यांतून ६३ आकृती सिद्ध होतात. पाटी आणि टोकदार लेखणी घेऊन लिहिताना कागद मागून टोचावा लागतो. म्हणून लेखन उजवीकडून डावीकडे व उलट्या आकृतींत करावयाचे आणि वाचन मात्र सुलट, असा दुहेरी अभ्यास विद्यार्थ्यावर पडतो. अमेरिकेतील फ्रँक हॉल याच्या १८९२ च्या यंत्राने, आणि पुढे १९५१ पासून तयार होऊ लागलेल्या पर्किन्स ब्रेल यंत्राने, हा उलटेपणा नाहीसा केला. डाव्या हाताची तर्जनी, मध्यमा व अनामिका अनुक्रमे १, २, ३ या कळांवर, आणि उजव्या हाताची तीच बोटे ४, ५, ६ वर. एका चिन्हाच्या सर्व कळा एकदम दाबावयाच्या. मूल लिहिते तोच उंचवटा त्याच्या बोटाखाली येतो.

संगणकाने हीच मांडणी उचलली. नेहमीच्या कळफलकावरील एस, डी, एफ आणि जे, के, एल या कळांनाच ठिपके मानता येते. मात्र सहा बोटे अगदी एकाच क्षणी टेकत नाहीत. म्हणून चिन्ह कोणते याचा निर्णय कळ दाबताना नव्हे, तर सर्व बोटे उचलल्यावर करावा लागतो. पुष्कळशा स्वस्त कळफलकांना एकाच वेळी दाबलेल्या सहाही कळा ओळखता येत नाहीत. मराठीपुरते बोलावयाचे तर अशा फलकावर पहिला बळी ‘ढ’ जातो, कारण त्याला सहाही ठिपके लागतात!

खरी अडचण यापुढची आहे. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये देवनागरीची अक्षररचना मोडून ती वर्णांच्या सरळ ओळीत मांडलेली आहे. ‘इ’ आणि ‘ि’ यांना एकच चिन्ह आहे आणि ते व्यंजनाच्या नंतर येते, म्हणजे उच्चारक्रमाप्रमाणेच. व्यंजनातील अकार लिहावयाचा नसतो. पण पुढे स्वर आला तर तो लिहावाच लागतो. ‘मऊ’ हा शब्द म, अ, ऊ असा तीन चिन्हांनी लिहिला नाही तर तो ‘मू’ होईल. याउलट हलन्तचिन्ह, म्हणजे एकटा ४ क्रमांकाचा ठिपका, व्यंजनाच्या आधी येते. ‘भक्ती’ हा शब्द भ, हलन्त, क, त, ई अशा क्रमाने लिहिला जातो. युनिकोडमध्ये मात्र तोच हलन्त ‘क’च्या मागून नोंदविला जातो. तेव्हा यंत्राने ठिपका ४ मिळाल्यावर थांबले पाहिजे, पुढचे व्यंजन आल्यावर क्रम उलटविला पाहिजे, आणि स्वर आला की तो मात्रा समजावयाचा की स्वतंत्र अक्षर, हे मागचे चिन्ह पाहून ठरविले पाहिजे. खोडण्याची कळ दाबली तर काय खोडावयाचे, पडद्यामागील संकेत की बोटाने नुकतेच लिहिलेले चिन्ह? उत्तर दुसरेच असले पाहिजे. लिहिणाऱ्याच्या मनातील घटक तोच होय.

‘मग विद्यार्थ्याने बोलावे आणि यंत्राने लिहावे, एवढा खटाटोप कशाला?’ असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. मराठीत या आक्षेपाची किंमत शुद्धलेखनात मोजावी लागते. प्रचलित मराठी उच्चारात इकार-उकारांचे ह्रस्वदीर्घत्व बहुधा शब्दातील स्थानावरून ठरते. ‘कवि’ आणि ‘कवी’ यांतील भेद कानाला सहसा मिळत नाही. जो विद्यार्थी केवळ ऐकतो त्याला शब्दाचे लिखित रूप भेटतच नाही, आणि उत्तरपत्रिकेत गुण त्याच रूपाला असतात.

येथे कळफलकाचा एक गुण नजरेत भरतो. ‘इ’चे ठिपके २, ४ आणि ‘ई’चे ३, ५, म्हणजे ‘ई’ ही ‘इ’चीच आकृती एक ओळ खाली उतरविलेली. शेजारच्या चिन्हांचा आधार नसेल तर वाचणाऱ्या बोटाला ही दोन्ही सारखीच भासतात. लिहिणाऱ्या हाताला मात्र ती अगदी वेगळी आहेत: ‘इ’साठी डावी मध्यमा व उजवी तर्जनी, ‘ई’साठी डावी अनामिका व उजवी मध्यमा. अल्पप्राण-महाप्राणांच्या दोन जोड्यांतही असाच सुखद योग आहे. ‘क’ (१, ३) व ‘ब’ (१, २) डाव्या हाताचे; तीच बोटे उजव्या हाताची वापरली की ‘ख’ (४, ६) व ‘भ’ (४, ५) होतात. हा नियम ग-घ किंवा त-थ यांना लागू पडत नाही. पुष्कळ चिन्हे रोमन ब्रेलमधून ध्वनिसाम्याने घेतलेली असल्यामुळे पाणिनीय वर्गरचनेची अपेक्षा येथे ठेवता येत नाही. दृष्टी असलेल्यांसाठी केलेल्या इनस्क्रिप्ट फलकावर ती रचना आहे. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे, महाप्राण त्याच कळेच्या वरच्या स्थानी. परंतु त्यावरील स्पर्शखुणा इंग्रजी फलकाच्याच राहिल्या: एफ आणि जे या कळांवरील उंचवटे तेथे ‘ि’ आणि ‘र’ यांवर येतात.

आता ब्रेल कळफलक दूरध्वनीच्या काचेवरही आला आहे. ॲपलच्या साधनांत २०१४ पासून आणि अँड्रॉइडवर २०२० पासून. वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, हा लाभ लहान नव्हे. पण काचेला ना कळ आहे ना उंचवटा. लिहिलेले चिन्ह परत मिळते ते उच्चाररूपाने. बोटांसाठी ते पुन्हा उमटवावयाचे तर खालीवर होणाऱ्या टाचण्यांची ब्रेल पट्टी जोडावी लागते, आणि तिची किंमत बहुतेक विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे लेखन शिकणाऱ्या मुलासाठी जुने, जड, कागदावर ठिपके उमटविणारे यंत्र शाळेतून काढून टाकण्याची घाई करू नये. नव्या साधनांचा उपयोग, लिपी बोटांत बसल्यानंतर, अधिक होतो.