डाळिंबाचा लाल रंग आणि बाजरीतलं लोह

डाळिंब लाल, रक्त लाल. म्हणून डाळिंबानं रक्त वाढतं, हा समज सगळीकडेच आहे. डाळिंबाचं आगर असलेल्या सांगोला तालुक्यात तो जरा जास्तच घट्ट. फळ उत्तम आहे, मुलांनी जरूर खावं. पण दाण्यांचा रंग येतो अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. लोहाशी त्याचा काही संबंध नाही. 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम, तर तेवढ्याच बाजरीत सुमारे 6. आपल्याच कोरडवाहू रानात पिकणाऱ्या बाजरीची भाकरी इथे सरस ठरते, हे या तालुक्यातल्या प्रत्येक मुलाला कळायला हवं. मात्र धान्यातलं लोह अंगाला सहज लागत नाही. सोबत लिंबू असेल तर जास्त लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी.

हे कळावं म्हणून शाळेत मुलांना स्वयंपाक शिकवावा. पण स्वयंपाक शिकवायचा म्हणजे विस्तवाशी खेळ, आणि तो मुलींनीच शिकायचा, हे दोन्ही समज चुकीचे. मटकी निवडायची, रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची. दुसऱ्या दिवशी गाठ सोडली की पांढरे मोड. हे काम तिसरीतला मुलगाही करतो. मोड आल्यावर ‘क’ जीवनसत्त्व वाढतं आणि लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. शाळेतल्या स्वयंपाकी मावशींनी मटकी वाफवून दिली की लिंबू पिळायचं काम पुन्हा मुलांचं.

स्वयंपाकासोबत शाळेत परसबागही हवी. ‘दुष्काळी तालुक्यात परसबाग कसली?’ हा प्रश्न खरा आहे, कारण उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढ असते. पण शाळेत पोषण आहाराचे तांदूळ-डाळ रोज धुतले जातात, ते पाणी बिनसाबणाचं असतं. ते पालेभाजीच्या वाफ्याला द्यावं, वर कडब्याच्या कुट्टीचं आच्छादन पसरावं. शेवगा आणि कढीपत्ता एकदा मुळं धरली की थोड्या पाण्यावर तग धरतात.

बागकामानं अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांनी 1937 ची वर्ध्याची शिक्षण परिषद आठवावी. हाताच्या कामातूनच शिक्षण द्यावं, ही गांधीजींची नई तालीम तिथूनच पुढे आली.

आणि परसबागेनं रोजची सगळी भाजी पुरवावी, ही अपेक्षाही नको. पहिली ते पाचवीच्या मुलामागे पोषण आहारात रोज 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे. 60 पटाच्या शाळेला 3 किलो लागते. चार वाफ्यांतून त्यातली किती निघते, हे मुलांनीच तराजूवर तोलून वहीत मांडावं.