नोकरीची बातमी कुठून येते?

दहावी-बारावीचा निकाल लागला की ‘पुढे काय?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्यावर सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात. कल ओळखावा, अर्ज नीट लिहावा, मुलाखतीची तयारी करावी, असे ते सांगतात. हे सारे बरोबरच आहे. पण त्याआधीची एक पायरी बहुधा राहून जाते. एखादे काम जगात आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो त्यासाठी अर्ज कसा करणार? नोकरी मिळण्याआधी नोकरीची बातमी मिळावी लागते. ही बातमी माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोचते, हे शास्त्रीय पद्धतीने तपासता येते.

अमेरिकेत बॉस्टनजवळ न्यूटन नावाचे शहर आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1970च्या सुमारास तिथल्या नुकतीच नोकरी बदललेल्या तंत्रज्ञांना, व्यवस्थापकांना आणि इतर व्यावसायिकांना विचारले, ‘या जागेची माहिती तुम्हांला कशी मिळाली?’ निम्म्याहून अधिक लोकांनी उत्तर दिले, ‘ओळखीच्या माणसाकडून.’ इथवर आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पुढचा प्रश्न होता, ‘तो माणूस त्या काळात तुम्हांला कितीदा भेटत असे?’ जिवलग मित्रांनीच मदत केली असेल, असे आपल्याला वाटेल. पण ज्या 54 जणांनी हे सांगितले, त्यांपैकी आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले सुमारे 17 टक्केच निघाले. सुमारे 56 टक्क्यांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळाली होती, तर 28 टक्क्यांना वर्षातून एखादे वेळी किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याकडून! 1973 साली ग्रॅनोव्हेटरने यावर निबंध लिहिला. सैल ओळखींचे बळ, हा त्याचा विषय.

असे का व्हावे? फळ्यावर तीन ठिपके काढून पाहू. सुनीताची लताशी घट्ट मैत्री आहे आणि मीनाशीही आहे. मग लता आणि मीना एकमेकींना मुळीच ओळखत नाहीत, असे सहसा होत नाही. म्हणजे तिन्ही ठिपके रेषांनी जोडले जातात आणि त्रिकोण पुरा होतो. घट्ट मैत्रीच्या गोतावळ्यात असे त्रिकोणच त्रिकोण असतात. त्यामुळे तिथे एकीला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते, आणि सगळ्यांना ठाऊक असते ते बहुतेक सारखेच. नवी बातमी यायची तर ती दुसऱ्या गोतावळ्यातून यायला हवी. दोन गोतावळ्यांना जोडणारी रेषा म्हणजे पूल. आणि हा पूल बहुधा सैल ओळखीचाच असतो. कारण ती ओळख घट्ट असती, तर हळूहळू भोवती त्रिकोण तयार होऊन दोन्ही गोतावळे एकच झाले असते.

घट्ट नात्यांची ताकद आणि मर्यादा मुंबईच्या गिरणगावातही दिसते. रत्नागिरीहून आलेला तरुण गाववाल्यांच्या खोलीत उतरे. त्यांच्या शब्दावर जॉबर त्याला गिरणीत कामाला लावी. परक्या शहरात जेवण, अंथरूण आणि काम यांची सोय गावच्या नात्यानेच होई. हे बळ लहान नव्हते. पण काम मिळे ते गाववाले करीत असत तेच. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडू लागल्या, तेव्हा सारा गोतावळाच एका धंद्यात असणे ही अडचण ठरली. ज्याला विचारायला जावे, तोही काम शोधत असे. घट्ट नाती पडत्या काळात आधार देतात. नवी वाट दाखवतीलच असे नाही.

इथे चिकित्सक वाचकाला एक शंका येईल. आपल्या बहुतेक ओळखी सैलच असतात. मग बातम्याही त्यांच्याकडून अधिक येणार, यात विशेष काय? शंका रास्त आहे, आणि नुसत्या पाहणीने ती फिटत नाही. त्यासाठी प्रयोगच हवा. लिंक्डइन या संकेतस्थळावर सुमारे 2 कोटी लोकांवर पाच वर्षे चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोणाला कोणत्या नव्या ओळखी सुचवायच्या, यात मुद्दाम फरक ठेवला होता. सैल ओळखींचा नोकरी बदलायला खरोखर अधिक उपयोग झाला. मात्र आलेख टेकडीसारखा निघाला. अगदी घट्ट ओळखी सर्वांत कमी उपयोगी, मध्यम सैल ओळखी सर्वांत उपयोगी, आणि फारच सैल झाल्या की उपयोग पुन्हा कमी. शिवाय संगणकाचा वापर कमी असलेल्या उद्योगांत घट्ट ओळखीच अधिक कामी आल्या. म्हणजे हा नियम सगळीकडे सारखा लागू नाही.

‘ओळखीने नोकरी’ म्हटले की आपल्याला वशिला आठवतो. हे दोन वेगळे ठेवले पाहिजेत. वशिला पात्रतेची जागा बळकावतो. बातमी पात्र माणसाला दारापर्यंत आणते. ही बातमी सर्वांना मिळावी म्हणून सार्वजनिक सोयीही झाल्या. 1959च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणे बंधनकारक झाले. 1976 साली ‘रोजगार समाचार’ निघू लागला. 2015 साली केंद्र सरकारचे ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळ सुरू झाले. पण जाहिरात जागा किती ते सांगते. त्या कामात दिवसभर काय करावे लागते, ते सांगत नाही. ते माणसालाच विचारावे लागते. ज्या मुलीच्या गोतावळ्यात सगळे शेतात राबणारे आहेत, तिने कोणाला विचारावे?

इथे शिक्षकांचे काम सुरू होते. वर्षाला 40 मुले शाळेतून बाहेर पडली, तर 20 वर्षांत 800 होतात. ती वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या कामांत असतात आणि शिक्षकांना ओळखतात. ओळख सैल, पण पुरती तुटलेली नाही. म्हणजे नेमकी हवी तशी! त्यांची नाव, गाव, काम अशी एक वही शाळेत ठेवता येईल.

वर्गात एक उपक्रमही करून पाहावा. प्रत्येकाने ओळखीच्या दहा मोठ्या माणसांची कामे लिहून आणावीत. ती फळ्यावर मांडून कोणते काम किती याद्यांत आले ते मोजावे. शेती, दुकान, शिक्षक, पोलीस ही पुन्हापुन्हा येतील. जे काम एकाच यादीत आले असेल, तिथे वर्गासाठी पूल आहे. त्या व्यक्तीला बोलवावे किंवा पत्र लिहावे आणि तीनच प्रश्न विचारावेत: दिवसभर काय करता? त्यासाठी काय शिकलात आणि खर्च किती आला? या कामाची बातमी तुम्हांला कोणी दिली?

मिळालेली बातमी पारखूनही घ्यायला शिकवावे. मूळ जाहिरात पाहावी, आणि नोकरी लावून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबावे.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मात्र वेगळी लिहून ठेवावीत. शंभर उत्तरे जमली, की न्यूटन शहरातला निष्कर्ष आपल्या तालुक्यात कितपत खरा ठरतो, हे मुलांना स्वतःच मोजता येईल.