पिकपूल: कालवांच्या शेजारी वाढलेली वाईन



मासळीबरोबर कुठली वाईन घ्यायची असं विचारलं की आपल्याकडे "पांढरी" एवढंच उत्तर मिळतं. आज अशाच एका पांढऱ्या वाईनची माहिती देतो. तिचं नाव कालवांच्या जोडीने मोठं झालं, आणि तिचा मोठा हिस्सा आपल्यासारख्याच सहकारी सोसायट्या बनवतात. नाव आहे पिकपूल द पिने.

फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राला लागून 'बासँ द तो' नावाचं खाऱ्या पाण्याचं तळं आहे. लांबी सुमारे २० किलोमीटर. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, त्यामुळे कालवं दिवसरात्र पाण्यात ठेवावी लागतात. पाण्यात खांब रोवून वर मांडव घालतात आणि त्याला दोर सोडतात. लहान कालवं हाताने, एकेक करून सिमेंटने दोराला चिकटवतात. काम किती चिकाटीचं आहे ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. काठावरच्या बुझिग गावाच्या नावाने ही कालवं ओळखली जातात.

त्याच तळ्याच्या बाजूला पिने आणि आणखी पाच गावांत द्राक्षमळे आहेत. द्राक्षाची जात एकच, पिकपूल ब्लां. लोक या नावाचा अर्थ 'ओठाला झोंबणारी' असा सांगतात. हे द्राक्ष उशिरा पिकतं आणि एवढ्या उन्हातही आंबटपणा सोडत नाही. त्यात समुद्राचा वारा मिळतो. म्हणून वाईन हलकी, आंबट आणि ताजी लागते.

२०१३ पासून या वाईनला स्वतःचा स्वतंत्र दर्जा आहे. या सहा गावांबाहेरच्या कोणालाही ते नाव लावता येत नाही. १९९५ पासून तिची उंच, हिरवी, खास बाटलीही ठरलेली आहे. वेगवेगळे उत्पादक तीच बाटली वापरतात, त्यामुळे दुकानात ती लांबूनच ओळखू येते. पिने गावातली सोसायटी तर १९२२ सालची आहे.

आता खाण्याचं. तिथे कच्च्या कालवांवर लिंबू पिळण्याचं काम ही वाईन करते. द्राक्षाच्या काटक्यांच्या जाळावर शिनाणे भाजतात, त्याच्याबरोबरही हीच. जवळच्या सेत बंदरात ऑक्टोपस आणि टोमॅटो भरलेली तिखट कचोरीसारखी 'तिएल' मिळते, तिच्याबरोबरही चालते.

आपल्या ताटात बसवायची तर रवा लावून तळलेली माणकी, लेपो किंवा तारले घ्या. आंबटपणा तेलाचा जडपणा कापतो. खोबरं घालून केलेल्या तिसऱ्यांबरोबरही छान लागेल. झणझणीत रेशाद मसाला किंवा खारवलेली सुकी मासळी मात्र नको. मिरचीवर दारू घेतली की तोंड जास्तच भाजतं आणि वाईनची चव हरवते. बाटली थंड करून घ्या, पण बर्फ घालू नका. आणि पिणाऱ्यांनी ती घरी जेवणाबरोबरच घ्यावी. होडीवर, मासेमारीला जाताना अजिबात नाही.

पण नुसत्या नावाने पोट भरत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे कडक ऊन पडलं आणि वारा थांबला. तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं. तिथे याला 'मालेग' म्हणतात. दोरावरचे शिनाणे जवळजवळ सगळे मेले आणि कालवांचा साधारण तिसरा हिस्सा गेला. वर्ष-दीड वर्ष वाढवलेला माल काही दिवसांत संपला. मळ्यातली वाईन शाबूत होती, पण जिच्यावर तिचं नाव उभं आहे ती कालवंच गेली.

यातून आपण घेण्यासारखं दोन गोष्टी. एक, माल एका नावाखाली, एका ओळखीने विकला तर लहान माणसालाही भाव मिळतो. आपली कालवं आणि शिनाणे आज बाजारात बिननावाचेच विकले जातात. दुसरी, पाणी बिघडलं तर कुठलंच नाव वाचवू शकत नाही. खाडीत टाकलेला कचरा आणि सांडपाणी शेवटी आपल्याच पाटीत येतं.

तुमच्या घरी शिनाणे कसे करतात? कमेंटमध्ये जरूर लिहा.

आपला,
सचिव