वॉट आणि वॉट-तास

कफ परेडच्या मच्छीमार नगरात बेस्टची वीज सहसा जात नाही. म्हणूनच १२ ऑक्टोबर २०२० लक्षात राहिला. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं, लोकल जागीच थांबल्या, मुंबईचे पंखे बंद पडले. अशा वेळेसाठी आता उचलून नेता येणारी ‘पॉवर स्टेशन’ मिळतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॉट लिहिलेले असतात, म्हणजे यंत्र एका वेळी किती भार पेलेल ते. किती वेळ पेलेल, हे सांगतात वॉट-तास. ५०० वॉट-तासांतले थोडे रूपांतरात खर्ची पडून हाती साधारण ४२५ येतात. ९ वॉटचे दोन दिवे, १० वॉटचा राउटर आणि जुना ७५ वॉटचा पंखा धरला, तर चार तास. पंखा ३० वॉटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) असला की तेच सात तास! तेव्हा आधी पंखा बदला, मग यंत्र घ्या.

फ्रिजचं निराळं. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज ओढतो. लहान यंत्र तिथेच मान टाकतं. पापलेट-सुरमईला बर्फ घातलेला थर्मोकोलचा खोकाच बरा.

इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त, पण तिला पाणी घाला, हवेशीर जागा द्या. एका खोलीच्या घरात ती ठेवणार कुठे? त्यापेक्षा लिथियम बॅटरीचं पॉवर स्टेशन घ्या, त्यातही लोह-फॉस्फेट प्रकार निवडा. तो उष्णता जास्त सोसतो, टिकतोही अधिक. खाऱ्या वाऱ्यात, दाराशी ठेवू नका. आणि यंत्राची वायर भिंतीतल्या सॉकेटात उलटी खोचू नका. वीज उलट लाइनमध्ये शिरेल आणि ती दुरुस्त करणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतेल.