विश्लेषण : ‘हुकमी डावा’मुळे कुस्तीचा शेवट आधीच ठरतो का?

पैलवानाचे नाव निघाले की पाठोपाठ त्याचा डाव आठवतो. टीव्हीवरच्या कुस्तीत तर प्रत्येक मल्लाचा शेवटचा डाव ठरलेलाच असतो. मग कुस्ती संपण्याचे मार्ग त्यामुळे कमी होतात का? महाराष्ट्रातील आखाड्यांकडे पाहिले तर दोष डावाचा कमी आणि निकालाच्या पद्धतीचा जास्त दिसतो.

टीव्हीवरच्या कुस्तीत काय होते?

डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. तरीही लढत रंगते, कारण ती कधी संपणार हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. अडचण इथेच येते. अंडरटेकरचा ‘टूम्बस्टोन’ किंवा जॉन सीनाचा ‘अॅटिट्यूड अॅडजस्टमेंट’ बसल्याशिवाय कुस्ती संपत नाही, हे प्रेक्षकाला सवयीने कळते. मग त्याआधीची दहा-पंधरा मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. साध्या पकडीवर कोणी तीन मोजेपर्यंत खाली दाबला जाईल, यावर कोणाचा विश्वासच उरत नाही.

यावर उपाय म्हणून ठेवणीतला डाव बसूनही समोरच्याने तिसऱ्या मोजणीआधी खांदा उचलायचा, असा प्रकार सुरू झाला. सुरुवातीला त्याने थरार वाढला, पण पुढे डावाचीच किंमत घसरली. जेक रॉबर्ट्सचा ‘डीडीटी’ ऐंशीच्या दशकात बसला की खेळ खलास असे. आज तोच डाव लढतीच्या मध्यात सहज वापरला जातो. २०१४ च्या रेसलमेनियात अंडरटेकरची अपराजित मालिका मोडण्यासाठी ब्रॉक लेस्नरला ‘एफ-५’ हा आपला ठेवणीतला डाव तीनदा मारावा लागला. एकाने भागेनासे झाले होते.

आखाड्यात हुकमी डाव कशासाठी?

मराठी आखाड्यात याला हुकमी डाव म्हणतात. हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये १९५२ साली कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव ढाक या डावासाठी ओळखले जात. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात कवेत घेऊन त्याला कमरेवरून फेकायचे, असा हा डाव. धोबीपछाड, घिस्सा, कलाजंग, भारंदाज, बाहेरची टांग ही नावे तर कुस्ती न पाहणाऱ्यांच्याही कानावरून गेलेली असतात.

फरक असा की, आखाड्यात समोरचा मल्ल डाव बसू देण्यासाठी उभा नसतो. प्रत्येक डावाला तोड असते आणि ती तालमीत घोटून घेतली जाते. आता तर मोबाइलवर जुन्या कुस्त्या पाहून तयारी होते. त्यामुळे एखादा मल्ल ढाकेसाठी प्रसिद्ध असेल, तर समोरचा मान आणि हात जपतच मैदानात उतरतो. तेवढ्यात त्याचे पाय मोकळे सापडतात. ढाकेची हूल देऊन एकेरी पट काढायचा, हा मार्ग हुकमी डावाच्या धाकामुळेच खुला होतो. म्हणजे खऱ्या कुस्तीत नावाजलेला डाव शेवट बांधून टाकत नाही. तो आणखी दोन-तीन दारे उघडतो. हुकमी डाव नसलेल्या मल्लाला ही सोय नाही. त्याच्या कशालाच कोणी घाबरत नाही.

मग शेवट कशामुळे बदलला?

गुणांमुळे. महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ मध्ये पहिल्यांदा दिली गेली ती आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत. दिनकर दह्यारी तिचे पहिले मानकरी. गावोगावच्या जत्रेतील फडात कुस्तीचा अर्थ तेव्हा एकच होता आणि बऱ्याच ठिकाणी आजही आहे: पाठीला माती लागली पाहिजे. नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवायची. तिथे धोबीपछाड बसून गडी उताणा पडला की विषय संपला.

आंतरराष्ट्रीय नियमांत तसे नाही. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. चितपटीसाठी दोन्ही खांदे जमिनीला टेकवून क्षणभर तरी ताब्यात ठेवावे लागतात. प्रतिस्पर्धी पाठीवर पडून लगेच निसटला, तर कितीही देखण्या फेकीचे गुणच मिळतात. ताबा घेऊन खाली आणले तर दोन, थेट धोक्याच्या स्थितीत फेकले तर चार, प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकलले तर एक. दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते.

एका गुणाने पुढे असलेल्या मल्लाने शेवटच्या अर्ध्या मिनिटात ढाक कशाला मारावी? फसली तर समोरचा अंगावर येणार आणि हातातली गदा जाणार. हिशोब सरळ आहे. २०२० मध्ये हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेवर ३-२ अशी मात केली, २०२२ मध्ये पृथ्वीराज पाटीलने ५-४ असा विजय मिळवला. दोन्ही अंतिम लढती चुरशीच्या झाल्या, पण पाठ कोणाचीच लागली नाही. याचा अर्थ जुनी पद्धत निर्दोष होती असा नाही. तासन्‌तास चालून बरोबरीत सुटलेल्या कुस्त्या आणि संगनमताच्या नुरा कुस्त्या यांना प्रेक्षक कंटाळलेले होतेच. शिवाय ऑलिम्पिकला जायचे तर गुणांची भाषा शिकण्यावाचून पर्याय नाही.

चितपट कुस्ती संपली का?

नाही. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला चितपट करून गदा मिळवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर शेखने राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. अंतिम लढत इतक्या लवकर संपेल, असे कोणाच्या मनातही नव्हते.

वाद कुठे होतो?

नेमका डाव मोजताना. जानेवारी २०२३ च्या त्याच स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम लढतीत गायकवाडने सिकंदरला बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत पडलाच नाही, त्यामुळे दोनच गुण हवे होते, असे त्याच्या समर्थकांचे म्हणणे. डाव बसला यावर दुमत नव्हते. पाठ जमिनीकडे किती कलली, यावर होते. मातीवरच्या जुन्या फडात असा प्रश्न उद्भवलाच नसता, कारण पाठ लागली नसती तर कुस्ती पुढे चालू राहिली असती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर चितपटीवरच भांडण झाले. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध राक्षेला चितपट घोषित करण्यात आले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असा राक्षेचा दावा होता. प्रकरण पंचांशी झटापटीपर्यंत गेले. मोहोळविरुद्धच्या अंतिम लढतीत गायकवाडही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन शेवटच्या क्षणी मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

एवढा राग का येतो, हेही पाहायला हवे. या गदेवर चारचाकी, रोख बक्षीस आणि पुढच्या मैदानांची बिदागी ठरते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या विजय चौधरी यांना राज्य पोलिस दलात उपअधीक्षकपद मिळाले. खुराकासाठी घरची जमीन गहाण टाकणाऱ्या कुटुंबांतील मुलांना दोन गुण आणि चार गुण यांतला फरक नोकरीएवढा मोठा वाटतो. टीव्हीवरच्या मल्लाला हरण्याचेही मानधन ठरलेले असते. इथे उपविजेत्याचे नाव पुढच्या हंगामापर्यंतही अनेकांच्या लक्षात राहत नाही.