तीन मतांचे धनी

आम्हां जठारपेठेतील प्राध्यापक मंडळींना तीन मते असतात, हे ऐकून कोपऱ्यावरचा दुकानदार चकित होतो. एक मत विधानसभेचे, सर्वांसारखे. दुसरे पदवीधर म्हणून व तिसरे शिक्षक म्हणून, ही दोन्ही विधान परिषदेची. (शिक्षक मतदारसंघात नाव घालायला मागील सहा वर्षांत तीन वर्षे शिकवलेले असावे लागते. कसे शिकवले, हे कोणी विचारीत नाही!)

परिषदेच्या ७८ जागांत ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या. म्हणजे आमचे गाऱ्हाणे मांडणारा माणूस आतच बसलेला. प्राध्यापकांच्या संघटनेतून आलेले प्रा. बी. टी. देशमुख १९८० पासून तीस वर्षे अमरावती विभागातील पदवीधरांचे आमदार होते. वेतनाचा प्रश्न अडला की निवेदन लिहावे, ते सभागृहात पोचे. ही रीत जुनीच. १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या एकगृही विधानसभेत जमीनदार, व्यापारी आणि विद्यापीठ यांना वेगळ्या जागा होत्या.

कापूस पिकवणाऱ्या कास्तकाराला अशी जागा नाही. विधानसभेचे २८८ आमदार बहुतेक स्वतःला शेतकऱ्यांचेच म्हणवतात. म्हणूनच त्याचा असा एकही नाही. त्या सभागृहाला डोक्यांचे वजन कळते. तेव्हा ऐन वेचणीत काम टाकून त्याने हिवाळी अधिवेशनाला नागपूर गाठायचे. मोर्चा दूर अडवला जातो, चारपाच जण निवेदन घेऊन आत जातात, आश्वासन घेऊन परततात. कधी तेवढेही नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातींत समावेश मागायला आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक.

गिरणीवाल्यांना मोर्चाही नको आणि राखीव जागाही नको. त्यांच्या संघटनांनी दिल्लीकडे मागणी लावून धरली होती. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठले. त्यासाठी संसदेत मतदान लागले नाही, सरकारी अधिसूचना पुरली. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. वऱ्हाडचा कापूस बाजारात येतो तो नेमका याच दिवसांत.

वर्गात हे सांगत असता अकोटकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, माझ्या बाबांना मते किती?" मी म्हटले, "एक. तू मात्र पदवीनंतर तीन वर्षांनी दुसरे मिळवशील. ते नोकरीसाठी देशील की कापसासाठी?"

तो हसला. "आंधी नोकरी तं लागू द्या, सर."