मागचं चाक कुठून जातं?

मुलांनो, सायकल तर तुमच्यापैकी बहुतेकांना येते. मग एका प्रश्नाचं उत्तर द्या बघू! सायकल वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्याच खुणेवरून जातं का?

आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात ‘हो’ म्हटलं. मागच्या बाकावरचा एक जण तेवढा गप्प. त्याच्या घरी ट्रॅक्टर आहे ना! मग आम्ही सगळे पटांगणात गेलो. तीन मीटर दोरी आणि खडू घेऊन फरशीवर मोठा गोल आखला. सायकलची दोन्ही चाकं ओली केली आणि एका मुलीला सांगितलं, पुढचं चाक गोलावर ठेवून सावकाश फिर. फरशीवर ओल्या रेघा उमटल्या, पण एक नाही, दोन! मागच्या चाकाची रेघ गोलाच्या आतून गेली होती, चांगली वीतभर.

नववी-दहावीच्या ताई-दादांनी हेच पायथागोरसच्या प्रमेयाने काढून पाहावं. दोन चाकांमधलं अंतर 1 मीटर आणि पुढच्या चाकाची त्रिज्या 3 मीटर असेल, तर मागचं चाक सुमारे 2.83 मीटर त्रिज्येने फिरतं. आता सायकलच्या जागी ट्रक ठेवा. पुढच्या-मागच्या चाकांत साडेपाच मीटर अंतर धरा आणि पुढचं चाक 10 मीटर त्रिज्येने वळतंय असं समजा. मागचं चाक किती आतून जाईल? दीड मीटरहूनही जास्त!

याचा अर्थ लक्षात आला का? चौकात ट्रक डावीकडे वळतोय. तुम्ही कोपऱ्याशी सायकल घेऊन उभे आहात. पुढचं चाक तुमच्यापासून लांबून गेलं, म्हणून तुम्ही निर्धास्त. आणि मागचं चाक येतं ते थेट तुमच्या जागेवरून. ड्रायव्हरची चूक नसते, तुमचीही नसते. चाकं तशीच फिरतात. ट्रकला मागे लांब ट्रेलर असेल, तर मग विचारूच नका.

हे गणित धुळ्याच्या मुलांना तर यायलाच हवं, असं माझं मत आहे. आपलं धुळं म्हणजे रस्त्यांचं तिठ्ठा-चौक सगळंच! मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते इथेच एकमेकांना छेदतात आणि सोलापूरचा रस्ताही इथूनच फुटतो. इंग्रजांनी 1818 मध्ये खानदेश घेतला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. तेव्हा इथली नवी पेठ सरळ रस्ते आखून वसवली गेली. म्हणून तर आपण आजही पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’ म्हणतो. सरळ गल्ल्या दिसायला छान, पण त्यांची वळणं काटकोनात. मोठी गाडी तिथे वळली की आतली जागा खाणारच.

तेव्हा वळणाऱ्या गाडीच्या आतल्या बाजूला थांबायचं नाही. ट्रक पुढे उभा असेल तर त्याच्या मागे राहायचं, डावीकडून घुसायचं नाही. आणि एक खूण ध्यानात ठेवा. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. अगदी नाकासमोरून गेलात तरी त्याच्या उंच केबिनमधून चौथीतलं पोर दिसणं कठीण.

लळिंग, सोनगीर, नरडाणा या आग्रा रस्त्यावरच्या गावांत वळणाचा नाही, वेगाचा प्रश्न. ताशी 60 किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे सरकते. ड्रायव्हरला तुम्ही दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तो सेकंद संपतो! त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 20 मीटर तरी लागतात, आणि वेग दुप्पट झाला की हे ब्रेकचं अंतर चौपट होतं. भरलेल्या ट्रकला याहून जास्त. शिवाय ब्रेक हे यंत्रच आहे. शिरपूर तालुक्यात पळासनेरला 4 जुलै 2023 रोजी एक भरधाव कंटेनर गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान 10 माणसं गेली. एसटीची वाट पाहायची ती रस्त्यापासून जितकं मागे उभं राहता येईल तितकं मागे, हे त्यासाठीच. फूटपाथ नसेल तर चालायचं उजव्या कडेने, म्हणजे गाड्या समोरून येताना दिसतात. सायकल मात्र डावीकडूनच.

दिवाळीनंतर आपल्याकडे कपाशीने भरलेल्या ट्रॉल्या निघतात. कित्येकींना मागे लाल दिवाच नसतो. त्यांना लोंबकळत शाळेला येणारे वीर मी पाहिलेत. त्यांना काय सांगणार!

एवढं वाचून आईबाबा म्हणतील, नकोच ते, गाडीवर सोडतो. पण शाळा सुटताना फाटकाशी जरा उभं राहून पाहा. सगळ्यात जास्त गर्दी कोणाची? सोडा-न्यायला आलेल्या गाड्यांचीच! शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. एक किलोमीटर म्हणजे गप्पा मारत पंधरा-वीस मिनिटं. मोठ्यांपैकी एकाने पुढे, एकाने मागे चालायचं, मध्ये वाटेवरची दहा-बारा मुलं. इंग्लंडमध्ये याला ‘चालती बस’ म्हणतात. या बसला तिकीट नाही आणि ती पंक्चरही होत नाही.

आठवीच्या पुढच्या कितीतरी मुली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर तीन-चार किलोमीटर शाळेला जातात. त्यांना माझं एकच सांगणं, ओढणी कमरेला घट्ट बांधा. चेनमध्ये ओढणी आणि हँडलला दप्तर, या दोन गोष्टी ट्रकइतक्याच वाईट. आणि दादालोकांनो, क्लासला स्कूटर उडवण्याआधी हे वाचा. 2019 मध्ये कायदा बदलला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकांना 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आज सायकलींचा देश म्हणून नेदरलँड्सचं नाव घेतात. तो पहिल्यापासून तसा नव्हता बरं का. 1971 या एका वर्षात तिथे 400 हून अधिक मुलं रस्त्यावर मेली. तेव्हा आईबाप आणि मुलं रस्त्यावर उतरली, मोर्चे काढले, रस्ते अडवले. त्यानंतर सायकलींचे वेगळे रस्ते वाढत गेले. तिथल्या प्राथमिक शाळेत मुलांची रहदारीची परीक्षा होते, लेखी आणि सायकलवरचीसुद्धा!

आमच्या वर्गाने तशी परीक्षा घेतली नाही, पण घर ते शाळा नकाशे काढले. मोठी गाडी डावीकडे वळते तिथे लाल टिंब. सगळे नकाशे एका मोठ्या कागदावर उतरवले, तेव्हा सात टिंबं निघाली. त्यांतली दोन आमच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहेत. आता मुलांनी त्या दोन्ही कोपऱ्यांना वळसा घालणारी गल्ली शोधली आहे. चार मिनिटं जास्त लागतात, पण वाटेत बोराचं झाड आहे.